आखडलेले खांदे आणि जोसेफ पिलाटीज

साठी उलटली की वेणी घालताना हात अर्ध्यावर थांबतो, वरच्या फळीवरचा डबा काढायला नातवाला हाक मारावी लागते. वयाकडे बोट दाखवून घरात विषय मिटतो. फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्या बायकांच्या कानावर मात्र हल्ली पिलाटीज हा शब्द पडतो. मुळात ते एका माणसाचं आडनाव.

जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ चा, जर्मनीतला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी त्यांना गांजलं होतं. व्यायामाने त्यांनी शरीर कमावलं आणि पुढे इंग्लंड गाठलं. पहिलं महायुद्ध सुरू होताच शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांची रवानगी छावणीत झाली. तिथे आयल ऑफ मॅन बेटावर त्यांनी अंथरुणाला खिळलेल्यांच्या पलंगांना स्प्रिंगा बांधून झोपल्या झोपल्या व्यायाम करवला, असं सांगतात. या गोष्टीत तिखटमीठ किती ते असो; त्यांनी नंतर बनवलेल्या एका उपकरणाचं रूप मात्र चौकट आणि स्प्रिंगा लावलेल्या पलंगाचंच आहे.

१९२६ मध्ये ते अमेरिकेला निघाले. त्या प्रवासात भेटलेल्या क्लारा यांच्या साथीने त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ थाटला. दुखापत झालेले नर्तक तिथे येत. डॉक्टर मंडळी मात्र फारशी दखल घेत नसत, आणि हे शल्य त्यांना शेवटपर्यंत राहिलं.

ईव्ह जेंट्री या त्यांच्या सहकारी, नर्तकी. कर्करोगामुळे त्यांचं स्तन काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्या काळी अशा शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी आणि छातीचे स्नायूही काढत. हात वर उचलणं अशक्य झालं. पिलाटीज यांनी त्यांच्याकडून नेटाने व्यायाम करवून घेतला आणि हात पुन्हा पूर्ण फिरू लागला. त्याचं चित्रीकरण डॉक्टरांना दाखवलं, तर अशी शस्त्रक्रिया झालेली बाई इतकी हालचाल करूच शकत नाही, असा त्यांना संशय. अखेर जेंट्री यांनी छाती उघडी ठेवून, व्रण दिसतील असं दुसरं चित्रीकरण करू दिलं, असं सांगितलं जातं.

पिलाटीज यांचा भर आधी श्वास आणि धड यांवर असे. यामागचं शरीरशास्त्र घरीही अनुभवता येतं. पोक काढून बसा आणि हात वर न्या. मग ताठ बसून न्या. दुसऱ्या वेळी हात जास्त वर जातो. पाठीचा वरचा भाग वाकलेला असला की खांद्याच्या फऱ्याला नीट फिरता येत नाही. म्हणून नुसता खांदा ताणून भागत नाही; छातीचा पुढचा भाग आणि पाठही मोकळी करावी लागते.

श्वासाचे धडे देणाऱ्या या माणसाला सिगार मात्र सोडवली नाही. १९६७ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले. नंतर क्लारा यांनी स्टुडिओ चालवला. समोरच्या माणसाला झेपेल तसा व्यायाम बदलून देण्यात त्यांचा हातखंडा होता.

वयस्क स्त्रियांसाठी हा बदल फार महत्त्वाचा. हाडं ठिसूळ झाली असतील, तर पिलाटीजमधले पाठ गोल करून पुढे वाकण्याचे, पाठीवर लोळण्याचे प्रकार टाळावेत. त्याने मणका दबून मोडू शकतो. हाडांची घनता तपासून घ्यावी आणि क्लासला जाण्याआधी तो अहवाल शिकवणाऱ्याला दाखवावा.