केकमधली लाल चेरी खरं तर करवंद असते, आणि त्या करवंदाची नोंद करणाऱ्या डॉक्टरची हाडं गोव्यात जाळली होती

डिसेंबर लागला की बोईसर, पालघरपासून वसईपर्यंत बेकऱ्यांच्या काचेमागे प्लम केक दिसायला लागतात. केक कापला की त्यात लालचुटूक, चिकट, गोड चेरी सापडते. पण ती चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते करवंद असतं.

हो, तेच करवंद, जे मे महिन्यात पालघर, बोईसर, डहाणूच्या बाजारात आदिवासी बायका पानांच्या द्रोणात घेऊन बसतात. कच्ची करवंदं मिठाच्या पाण्यात मुरवायची, बिया काढायच्या, लाल रंग द्यायचा आणि साखरेच्या पाकात शिजवायची. झाली चेरी तयार! खरी चेरी थंड हवेत पिकते आणि महाग पडते, म्हणून बेकरीवाल्यांनी हा स्वस्त पर्याय धरला.

आता सुट्ट्यांच्या दिवसांत इन्स्टाग्राम उघडलं की क्रॅनबेरी घातलेल्या सोप्या केकचे रील्स दिसतात. क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जागी वाढणारं लाल, आंबट फळ. ते सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तयार होतं, म्हणून तिकडे थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसच्या जेवणात त्याला मान मिळाला. चव आंबट-तुरट आणि अंगात भरपूर पेक्टिन, त्यामुळे साखर घालून शिजवलं की जेलीसारखं घट्ट होतं.

आंबटपणा आणि पेक्टिन, या दोन्ही गोष्टी आपल्या करवंदात आहेत. म्हणजे जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगरांवर आपली क्रॅनबेरी आधीपासूनच आहे. फक्त बेकरीत तिला स्वतःचं नाव मिळालं नाही.

गंमत म्हणजे याच करवंदाचं वर्णन साडेचारशे वर्षांपूर्वी छापील पुस्तकात करणाऱ्या माणसालाही आयुष्यभर स्वतःची ओळख लपवावी लागली होती. त्यांचं नाव गार्सिया द ओर्ता.

कोण होते हे ओर्ता?

ओर्तांचा जन्म साधारण १५०१ चा, पोर्तुगालमधल्या कास्तेलो द विदे या गावातला. आईवडील मूळचे स्पेनचे ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देश सोडायला लावला आणि हजारो कुटुंबं शेजारच्या पोर्तुगालमध्ये आली. पण तिथेही १४९७ मध्ये ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. अशा लोकांना नवख्रिस्ती म्हणायचे. कागदावर ख्रिश्चन, पण शेजारपाजाऱ्यांचा संशय कायम. शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लावला का, डुकराचं मांस टाळलं का, यावर लोकांचा डोळा असायचा.

म्हणजे ओर्ता जन्मले तेच एका गुपितासोबत.

सालामांका आणि अल्काला या स्पेनमधल्या विद्यापीठांत ते वैद्यकशास्त्र शिकले. परत येऊन गावात डॉक्टरकी केली, मग लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायला लागले. नोकरी चांगली होती. पण त्याच काळात पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन सुरू करण्याच्या हालचाली चालू होत्या. नवख्रिस्ती लोकांनी देशाबाहेर जाऊ नये म्हणून बंधनं येत होती. मार्च १५३४ मध्ये ओर्ता जहाजात बसले आणि त्याच वर्षी गोव्यात उतरले. मार्तिम अफोंसो द सोझा या बड्या सेनानीचे डॉक्टर म्हणून ते आले होते. पोर्तुगाल त्यांनी पुन्हा कधीच पाहिलं नाही.

वसईचा तह आणि उत्तरेचा किनारा

ओर्ता आले त्याच वर्षी आपल्या भागाचा इतिहासही बदलला. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. १५५९ मध्ये दमण पोर्तुगिजांच्या हाती गेलं. वसई ते दमण या पट्ट्यात केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी पोर्तुगीज ठाणी उभी राहिली. तारापूर म्हटलं की आज अणुवीज केंद्र आणि एमआयडीसी आठवते, पण तिथला किल्ला त्या काळाची आठवण आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर आणि मग वसई मराठ्यांनी जिंकली, तोपर्यंत हा किनारा पोर्तुगिजांकडेच होता.

वसईच्या ख्रिस्ती घरांमधली नाताळच्या गोडाधोडाची परंपरा याच काळात रुजली.

ओर्ता सोझांसोबत या किनाऱ्यावर फिरले. घारापुरीची लेणी त्यांनी पाहिली आणि तिचं वर्णन लिहून ठेवलं. पुढे गोव्यात स्थायिक होऊन त्यांनी दवाखाना सुरू केला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्यांचे पेशंट होते. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहाही त्यांच्याकडून उपचार घ्यायचा आणि दोघांची चांगली मैत्री होती. निजामशहाच्या दरबारातले हकीम, गोव्यातले वैद्य, घोड्यांचे आणि मसाल्याचे व्यापारी, या सगळ्यांशी ओर्ता बोलायचे. कुठलंही झाड, फळ किंवा औषध दिसलं की त्याला अरबीत काय म्हणतात, गुजरातीत काय, दख्खनमध्ये काय, मलबारात काय, हे विचारून ठेवायचे.

१५५४ च्या सुमारास त्यांना मुंबईचं बेट भाडेपट्ट्याने मिळालं. होय, अख्खं बेट! तिथे त्यांची बाग होती. त्या बागेतला एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, हे त्यांनी पुस्तकातही कौतुकाने नोंदवलं.

एक पुस्तक आणि त्यातलं करवंद

गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. १५६३ मध्ये तिथे ओर्तांचं पुस्तक छापून झालं. विषय होता भारतातल्या औषधी वनस्पती आणि मसाले. त्या काळात विद्वान लॅटिनमध्ये लिहायचे, ओर्तांनी साध्या पोर्तुगीजमध्ये लिहिलं, आणि तेही गप्पांच्या रूपात. एका बाजूला स्वतः ओर्ता, दुसऱ्या बाजूला स्पेनहून आलेले डॉक्टर रुआनो. हे रुआनो काल्पनिक आहेत. ते जुन्या ग्रीक ग्रंथांचे दाखले देतात आणि ओर्ता त्यांना समोरची वस्तू दाखवून खोडून काढतात. मध्येच अंतोनिया नावाच्या दासीला हाक जाते आणि ती ताजं झाड किंवा फळ घेऊन येते.

याच पुस्तकात वेलदोडा आणि करवंद यांचा मिळून एक संवाद आहे. वेलदोड्याबद्दल युरोपातल्या ग्रंथांमध्ये बराच गोंधळ होता, तो ओर्तांनी सोडवायचा प्रयत्न केला. आणि करवंदाबद्दल? हे झुडूप घाटमाथ्यावर वाढतं, फळ पिकलं की काळं होतं आणि द्राक्षासारखं लागतं, कच्चं फळ मीठ आणि व्हिनेगरमध्ये घालून टिकवतात, असं त्यांनी सांगितलं. करवंदाचं लोणचं घालणाऱ्या कुठल्याही घरात आजही हे पटेल.

त्यांनी फळाचं नाव लिहिलं कारांदास. आजही वनस्पतिशास्त्रात करवंदाला कॅरिसा कॅरॅन्डस म्हणतात. म्हणजे बेकरीने करवंदाची चेरी केली, तरी शास्त्रात त्याचं नाव टिकून राहिलं.

पुस्तकात आणखीही बरंच आहे. आंबा, फणस, जांभूळ, नारळ, हिंग, भांग, धोतरा. कॉलराचं युरोपीय डॉक्टरने केलेलं अगदी सुरुवातीचं सविस्तर वर्णनही त्यातच सापडतं. ओर्तांनी त्या आजाराचं इथलं नाव दिलं, ते म्हणजे आपली मोडशी. हाच शब्द पुढे फ्रेंच लोकांच्या तोंडी जाऊन इतका बदलला की त्याचा अर्थ कुत्र्याचं मरण असा व्हायला लागला!

ओर्तांचं वेगळेपण कशात होतं? ग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा डोळ्यांना काय दिसतंय आणि जिभेला काय लागतंय, याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं. स्पेनमध्ये असतो तर गेलनसारख्या महान ग्रीक वैद्याविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, असं ते पुस्तकात मोकळेपणाने मान्य करतात. भारतात येऊन त्यांना ते धाडस मिळालं.

पण हे धाडस फक्त झाडाफळांपुरतं होतं. आपल्या घराण्याबद्दल, आईवडिलांच्या धर्माबद्दल पुस्तकात चकार शब्द नाही. तो लिहिणं परवडणारंही नव्हतं. कारण पुस्तक छापलं त्याच्या तीन वर्षं आधी, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन येऊन पोहोचलं होतं. पुस्तकाच्या छपाईला जी परवानगी लागली, त्यात या न्यायालयाचीही होती.

मेल्यावर खटला

पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झाल्यावर ओर्तांच्या आई आणि बहिणी गोव्यात आल्या होत्या. जोवर ओर्ता जिवंत होते, तोवर मोठ्या लोकांशी असलेल्या ओळखींमुळे कुटुंबाला संरक्षण होतं. १५६८ मध्ये ते वारले आणि ते संरक्षण संपलं.

त्यांची बहीण कातारिना हिला अटक झाली. घरात छुपेपणाने ज्यू धर्म पाळल्याचा आरोप होता. चौकशीत घरातल्यांच्या जबान्या झाल्या आणि त्यात ओर्तांचंही नाव आलं. ऑक्टोबर १५६९ मध्ये कातारिनाला गोव्यात जिवंत जाळण्यात आलं.

गोष्ट इथेही थांबली नाही. मेलेल्या माणसावरही खटला चालवायची पद्धत होती. ओर्ता दोषी ठरले. डिसेंबर १५८० मध्ये त्यांची कबर उकरली, हाडं बाहेर काढली आणि जाहीरपणे जाळली. मृत्यूला तेव्हा १२ वर्षं झाली होती.

पुस्तक मात्र वाचलं

ओर्तांच्या हयातीतच त्यांच्या पुस्तकाची एक प्रत क्लुसियस या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागली होती. ट्युलिपच्या अभ्यासासाठी पुढे नाव कमावलेले हेच ते क्लुसियस. त्यांनी १५६७ मध्ये अँटवर्पमध्ये त्याचा लॅटिन सारांश छापला. त्यामुळे गोव्यात काहीही झालं, तरी युरोपभर डॉक्टर आणि अभ्यासक ओर्तांच्या नोंदी वाचत राहिले. १९१३ मध्ये पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही आलं.

आज पणजीतल्या जुन्या बागेला गार्सिया द ओर्ता यांचं नाव आहे. पोर्तुगालने त्यांना २०० एस्कुदोच्या नाण्यावर स्थान दिलं. ज्या राजवटीने हाडं जाळली, त्याच देशाने पुढे चेहरा नाण्यावर छापला.

मग नाताळला करवंदाचा केक करायचा कसा?

अडचण एकच. क्रॅनबेरी ऐन थंडीच्या तोंडावर येते आणि करवंद येतं मे महिन्यात. म्हणून तयारी उन्हाळ्यातच करावी लागते.

लालसर, अर्धवट पिकलेली करवंदं मिठाच्या पाण्यात धुवायची, म्हणजे चीक निघून जातो. मग प्रत्येकाचे दोन भाग करून बिया काढायच्या. जितकी करवंदं, तितकीच साखर घालून मंद आचेवर पाक घट्ट होईपर्यंत शिजवायचं. कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं. रंग घालायची गरज नाही.

डिसेंबरमध्ये केकसाठी १ कप दही आणि पाऊण कप साखर एकत्र फेटायची. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून ५ मिनिटं ठेवायचं, दही फसफसून फुलतं. मग अर्धा कप तेल, दीड कप चाळलेला मैदा आणि अर्धा चमचा वेलदोड्याची पूड घालायची. बरणीतली अर्धा कप करवंदं निथळून, थोड्या कोरड्या मैद्यात घोळवून शेवटी मिसळायची. मैद्यात घोळवली की ती तळाशी बसत नाहीत.

ओव्हन नसला तरी चालतं. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवायचा, झाकण लावून १० मिनिटं तापवायची. केकचं भांडं आत ठेवून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं भाजायचा. मध्ये सुरी खुपसून ती कोरडी बाहेर आली की केक झाला.

आणि कोणी विचारलं की यात काय घातलंय, तर चेरी सांगू नका. करवंद सांगा.