दोघांना समोरासमोर आणणारा खलिफा

रमजानच्या रात्री मशिदीत एका इमामामागे तरावीहची नमाज होते. सुरुवातीला मदिनेत लोक ती कुणी एकट्याने, तर कुणी लहान लहान गटांत पढत. त्यांना एका इमामामागे उभे केले ते दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी. विखुरलेल्या माणसांना एकत्र आणण्याची हीच रीत त्यांच्या कारभारातही होती. अधिकारी आणि जनता यांच्यात वाद झाला, की ते दोघांना समोरासमोर आणत.

उमर मक्केच्या कुरैश टोळीतले. लिहिता-वाचता येणाऱ्या मोजक्या मक्कावासीयांपैकी ते एक होते. आधी इस्लामचे कडवे विरोधक, मग प्रेषित मुहम्मद (स.) यांचे अगदी जवळचे साथी. इ. स. ६३४ मध्ये ते खलिफा झाले. पुढच्या दहा वर्षांत इराक, सीरिया आणि इजिप्त त्यांच्या राज्यात आले. राज्य वाढले तसे सुभेदारही वाढले आणि त्यांच्याविषयीच्या तक्रारीही मदिनेत येऊ लागल्या.

नेमणूक करतानाच उमर सुभेदारांना काही अटी घालत. गरजू लोकांना दार बंद करायचे नाही, ही त्यातली एक. हजच्या दिवसांत ते सुभेदारांना मक्केला बोलावत. ठिकठिकाणचे लोक तिथे आलेलेच असत. ज्याला गाऱ्हाणे असेल त्याने उभे राहून सर्वांसमक्ष ते मांडावे आणि सुभेदाराने तिथेच उत्तर द्यावे, असा शिरस्ता होता.

या पद्धतीची खरी कसोटी लागली ती इराकमधल्या कूफा शहरात. तिथले सुभेदार होते सअद बिन अबी वक्कास (रजि.). ते प्रेषितांचे जुने साथी आणि कादिसियाच्या लढाईत इराणी फौजेला हरवणारे सेनापती. त्यांचा वाडा बाजाराला लागून होता. गलबल्यामुळे बोलणे ऐकू येईना, म्हणून त्यांनी वाड्याला दार लावले. मदिनेत मात्र बातमी पोचली, की सअदना लोकांचा आवाज नकोसा झाला आहे. इतिहासकार सांगतात, की उमरनी मुहम्मद बिन मस्लमा यांना पाठवून ते दार जाळून टाकायला लावले. आपल्या तोंडी घातलेले शब्द आपले नव्हेतच, असे सअदनी शपथेवर सांगितले आणि उमरनी ते मानलेही.

पुढे कूफ्याच्या काही लोकांनी थेट मदिना गाठली. सअद न्याय करत नाहीत, इतकेच काय, नमाजही नीट पढवत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. त्याच सुमारास इराणी फौजा नहावंदजवळ गोळा होत होत्या. सेनापतीची चौकशी करायची ही वेळ नाही, असे म्हणून विषय पुढे ढकलता आला असता. उमरनी तो ढकलला नाही.

मुहम्मद बिन मस्लमा पुन्हा कूफ्याला गेले. चौकशी गुपचूप झाली नाही. सअदना बरोबर घेऊन ते मशिदी-मशिदींतून फिरले आणि त्यांच्यादेखत लोकांना विचारत गेले. बहुतेकांनी सअदविषयी चांगलेच सांगितले. अब्स कुळाच्या मशिदीत मात्र एक जण उभा राहिला. सअद फौजेबरोबर जात नाहीत, वाटणी सारखी करत नाहीत आणि निवाडा न्यायाने करत नाहीत, असे तीन आरोप त्याने सअद यांच्या तोंडावर केले.

मग उमरनी सअदना मदिनेला बोलावले. निकाल आधी ठरवून ठेवला नव्हता. नमाजविषयी त्यांनी सरळ त्यांनाच विचारले. प्रेषितांनी शिकवली तशीच आपण ती पढवतो, पहिल्या दोन रकअत लांबवतो आणि शेवटच्या दोन आटोपशीर ठेवतो, असे सअदनी सांगितले. आपलाही तोच अंदाज होता, असे उमर म्हणाले.

तरीही त्यांनी सअदना परत कूफ्याला पाठवले नाही. शहराचे आणि सुभेदाराचे पटेनासे झाले होते. पुढे तिथे अम्मार बिन यासिर (रजि.) यांची नेमणूक झाली. आरोप टिकला नाही तरी पद गेले. सअद यांच्या नावाला त्यामुळे बट्टा लागू शकला असता.

इ. स. ६४४ मध्ये मदिनेतला फिरोज नावाचा एक गुलाम कारागीर उमरकडे आला. मालक आपल्याकडून फार रक्कम घेतो, अशी त्याची तक्रार होती. उमरनी त्याला कोणकोणती कामे येतात ते विचारले आणि त्या मानाने रक्कम जास्त नाही, असा निर्णय दिला. समोर बसवून ऐकले, तरी प्रत्येकाचे समाधान होतेच असे नाही. काही दिवसांनी त्याच माणसाने पहाटेच्या नमाजेत त्यांच्यावर खंजिराचे वार केले.

मरणशय्येवर उमरनी पुढचा खलिफा निवडण्यासाठी सहा जण नेमले. त्यांत सअद यांचे नाव होते. त्यांची निवड झाली तर उत्तमच, नाहीतर जो खलिफा होईल त्याने त्यांची मदत घ्यावी, असे उमरनी सांगून ठेवले. आपण त्यांना काढले ते नालायकी किंवा अप्रामाणिकपणामुळे नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

कचेरी असो, कारखाना असो की शाळा, निनावी अर्ज आणि कानाफुसी आजही कुणाला चुकलेली नाही. अशा वेळी वरिष्ठाने तक्रार दोघांसमोर मांडायला लावावी, ज्याच्यावर ती आहे त्याला स्वतः विचारावे आणि बदली करावीच लागली तर तिचे कारण सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे. हे तिसरे काम सहसा राहून जाते. उमरनी ते जाता जाताही केले.