कुंचल्यातून कॅमेऱ्याकडे

कोल्हापूरच्या कारागीर मेस्त्री कुटुंबात १८९० साली जन्मलेले बाबुराव, नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ झाले. चित्रपटाच्या ध्यासातील सोबती, बंधू आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले; तरी बाबुरावांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. पौराणिक कथांच्या त्या काळात ‘सावकारी पाश’ने (१९२५) कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी दाखवला. ऊसतोडीसाठी घर सोडणाऱ्या बीडच्या कुटुंबांना ती व्यथा आजही परकी वाटू नये. १९२९ मध्ये त्यांच्याच तालमीतील दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी ‘प्रभात’ उभारली. पाठोपाठ बोलपट आला. बाबुरावांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ हे बोलपट केले, पण कुंचला सोडला नाही. १९५४ मध्ये हा दिग्दर्शक गेला, तो ‘पेंटर’ म्हणूनच.