संस्कृताची वाट सुगम करणारे डॉ. भांडारकर

घरी कानडी, शाळेत मराठी, हा मंद्रूपकडील पुष्कळ कुटुंबांचा अनुभव. परभाषेचे कष्ट जाणणाऱ्या अशा वाचकांस डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर जवळचे वाटावेत. त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणास झाला. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत रानड्यांसमवेत तेही होते. संस्कृताकडे मात्र ते इंग्रजी शिक्षणानंतर वळले आणि शास्त्र्यांपाशी बसून शिकले. त्या काळी अर्थ उमगण्यापूर्वीच रूपावली व अमरकोश मुखोद्गत करावे लागत. हायस्कुलात हेडमास्तर असलेल्या भांडारकरांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृताची दोन पुस्तके रचिली. पहिले ते ‘मार्गोपदेशिका’. त्यात थोडका नियम, लगेच शब्द, मग संस्कृतातून इंग्रजीत व इंग्रजीतून संस्कृतात भाषांतरासाठी वाक्ये. विद्यार्थी आरंभापासूनच वाक्ये वाचू लागे. पाठशाळेचा उंबरठा ज्यांस बंद होता, त्यांसही शाळेच्या बाकावर ही विद्या लाभू लागली.

पुढे एल्फिन्स्टन व डेक्कन कॉलेजांत त्यांनी अध्यापन केले आणि १८९३ साली ते कुलगुरू झाले. १८९१ साली विधवा कन्येचा पुनर्विवाह लावून त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ज्ञातिसंस्थेच्या अंकाने तरी ही गोष्ट झाकू नये. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी पुण्यास १९१७ साली त्यांच्याच नावे स्थापन झालेल्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेस दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते निवर्तले.