चांगल्या लेकरांचे फादर : संत लुईजी ग्वानेल्ला

ज्या घरांत बुद्धीनें अधू असें एखादें लेकरूं जन्मास येतें, त्या घरच्या आईबापांच्या मनांत एक प्रश्न जन्मभर सलत असतो. लेकरूं लहान आहे तोंवर आईचा पदर आहे. परंतु तें चाळिशीस पोहोंचलें आणि आईबाप मातीआड झाले, म्हणजे त्यास कोण संभाळील? आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांस हा प्रश्न ठाऊक आहे. म्हणून ह्याच प्रश्नापायीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या संत लुईजी ग्वानेल्ला ह्यांचें चरित्र महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेंत वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

इटलीच्या उत्तर सीमेवर, आल्प्स पर्वताच्या कुशींत फ्राचिशो नांवाचें खेडें आहे. तेथें 19 डिसेंबर 1842 रोजीं लुईजींचा जन्म झाला. तेरा भावंडांत ते नववे. वडील लोरेंझो गांवचा कारभार पाहणारे व करारी. आई मरिया मायाळू. लहानपणीं ते व त्यांची बहीण कातेरीना माती व पाणी कालवून गोरगरिबांसाठीं लापशी शिजविण्याचा खेळ खेळत, असें सांगतात. पुढें त्या खेळांतली चूल खरोखरच पेटली.

त्या डोंगरदऱ्यांची एक व्यथा येथें सांगणें अवश्य आहे. तेथील मातींत व पाण्यांत आयोडीन हें द्रव्य फार थोडें. त्यामुळें पुष्कळांच्या गळ्यास गलगंड येई, आणि अशा मातांच्या पोटीं जन्मलेलीं कांहीं मुलें खुजीं, बहिरीं व मंदबुद्धि निपजत. मिठांत आयोडीन मिसळण्याचा साधा उपाय शेजारच्या स्वित्झर्लंडांत 1922 सालीं सुरू झाला. लुईजींच्या बालपणीं तो कोणाच्या हातीं नव्हता. अशा माणसांस जें नांव त्या देशीं होतें, तेंच पुढें एक शिवी होऊन बसलें. घरीं थारा असला तर ठीक. नाहीं तर भीक, किंवा वेड्यांचें इस्पितळ.

26 मे 1866 रोजीं लुईजींस गुरुदीक्षा मिळाली, आणि पुढील वर्षीं सावोन्यो नामक उंचावरील गांवीं त्यांची नेमणूक झाली. तेथें जावयाचें म्हणजे हजारों दगडी पायऱ्या चढाव्या लागत. 1875 सालीं ते तूरीन शहरीं संत जॉन बॉस्को ह्यांजकडे गेले व तीन वर्षें राहिले. त्याच शहरांत संत कोत्तोलेंगो ह्यांनीं 1832 सालीं उभारलेलें दैवी योगक्षेमाचें घर होतें. इतरत्र दार बंद झालेल्या रोग्यांस, बहिऱ्यामुक्यांस, मंदबुद्धींस तेथें निरनिराळीं कुटुंबें करून ठेवीत. तें दृश्य लुईजींच्या मनांत कायमचें घर करून राहिलें.

1878 सालीं बिशपांनीं त्यांस परत बोलाविलें. मग मात्र खडतर वर्षें आलीं. त्राओना येथें त्यांनीं काढलेली शाळा सरकारनें बंद पाडली. कारण त्यांनीं पूर्वीं लिहिलेल्या एका पुस्तिकेमुळें अधिकाऱ्यांची त्यांजवर वांकडी नजर होती. कांहीं धर्मगुरूही त्यांस डोकें फिरलेला समजत. 1881 सालीं ते कोमो सरोवराच्या कांठीं प्यानेल्लो येथें आले. तेथें अनाथांसाठीं एक लहानसा आश्रम होता व तो चालविणाऱ्या तरुण भगिनींत मार्चेल्लीना व कियारा बोसात्ता ह्या सख्ख्या बहिणी होत्या. प्रथम त्याही ह्या नव्या फादरांविषयीं साशंकच होत्या! परंतु 1886 सालच्या एप्रिल महिन्यांत ह्याच भगिनींपैकीं कांहीं जणी थोडेंसें सामान होडींत घालून रात्रीच्या वेळीं कोमो शहरीं गेल्या, आणि तेथें त्या मोठ्या घराचा आरंभ झाला.

ह्या घरीं मंदबुद्धि प्रौढांस फादर ग्वानेल्ला चांगलीं लेकरें म्हणत. हीं माणसें त्यांच्या मतें कुटुंबाचीं मुलें होतीं, इस्पितळाचे रोगी नव्हेत. म्हणून अन्न व प्रभू हीं दोन्ही त्यांस मिळावीं, आणि ज्याच्यानें जें होईल तें काम त्याचें त्यास असावें, असा त्यांचा आग्रह असे.

ह्या आग्रहाची कसोटी नुओवा ओलोनियो येथें लागली. कोमो सरोवराच्या उत्तर टोंकास, आद्दा व मेरा ह्या नद्यांच्या मधोमध, पियान दि स्पान्या नांवाचा दलदलीचा प्रदेश होता. लव्हाळीं, डांस व हिवताप ह्यांवांचून तेथें फारसें कांहीं नव्हतें. 1900 च्या सुमारास फादरांनीं तेथील जमीन घेतली व कोमोच्या घरांतील आपलीं चांगलीं लेकरें तेथें नेलीं. आपल्याकडील शेतकरीही अशी जमीन घेतांना दहा वेळां विचार करील. तेथें हीं माणसें काय करणार, असें कोणासही वाटावें. परंतु पाणी काढून देणें, माती वाहणें, जमीन सारखी करणें अशीं कामें शेजारीं उभें राहून दाखविलीं, घाई केली नाहीं, म्हणजे तीं त्यांस साधत. दलदल हळूहळू हटली, शेतें झालीं, चर्च झालें. इतर कुटुंबेंही तेथें येऊन राहिलीं. म्हणजे ज्यांस गांवांत जागा नव्हती, त्यांच्या हातून गांवासच जागा झाली.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें लिहिली पाहिजे. पन्नाशीच्या माणसास लेकरूं म्हणणें आज पुष्कळांस खटकतें, व तें खटकणें रास्त आहे. अशा प्रत्येक माणसास समाजांत राहण्याचा व कोठें, कोणाबरोबर राहावें हें ठरविण्याचा हक्क आहे, असें संयुक्त राष्ट्रांच्या 2006 सालच्या करारांत लिहिलें असून भारतानें तो 2007 सालीं मान्य केला. फादर ग्वानेल्लांच्या मोठमोठ्या घरांत ही निवड बहुधा त्या माणसांच्या हातीं नव्हती. तथापि त्यांनीं त्यांस फावडें दिलें, शेजारी दिले, हें त्या काळीं फार थोड्यांस सुचलें होतें.

पुढें रोम येथेंही त्यांनीं असें घर काढलें. परमगुरुस्वामी दहावे पायस त्यांचे स्नेही होते. त्यांनीं स्थापिलेला पुरुषांचा संघ प्रीतीचे सेवक, व भगिनींचा संघ योगक्षेमाच्या संत मरियेच्या कन्या, ह्या नांवांनीं ओळखला जातो. 13 जानेवारी 1915 रोजीं मध्य इटलींत भयंकर भूकंप झाला, तेव्हां बहात्तर वर्षांचा हा म्हातारा थंडींतच पीडितांच्या मदतीस गेला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांस पक्षाघाताचा झटका आला, आणि 24 ऑक्टोबर 1915 रोजीं कोमो येथें त्यांनीं देह ठेविला. 1964 सालीं सहावे पॉल ह्यांनीं त्यांस धन्यवादित, व 2011 सालीं सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं संत म्हणून जाहीर केलें.

त्यांच्या संघाचीं घरें आज भारतांत तामिळनाडूंतही आहेत. पियान दि स्पान्याचा उरलेला पाणथळ भाग आतां पक्ष्यांसाठीं राखून ठेविला आहे; आणि जवळच नुओवा ओलोनियो येथें चांगल्या लेकरांचें घर अद्याप चालू आहे.