परचुरे शास्त्रींचा रोग आणि आपल्या गावातला चट्टा

शेतकरी बंधूंनो, पायात काटा मोडला आणि कळलंच नाही, तापलं भांडं उचललं, हात भाजला तरी दुखलं नाही, असं तुमच्या घरात कुणाचं झालंय का? झालं असेल तर परचुरे शास्त्रींची ही हकीकत जरूर वाचा.

शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित. १९३२ साली स्वातंत्र्याच्या लढ्यात ते येरवड्याच्या तुरुंगात होते. गांधीजीही तिथेच होते. पण शास्त्रीबुवांना कुष्ठरोग झालेला, म्हणून त्यांना वेगळं ठेवलेलं. दोघांचा संबंध राहिला तो पत्रांतून.

१९३९ साली शास्त्रीबुवा वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आले. आश्रमात इतर माणसं, लेकरंबाळं. गांधीजीही आधी विचारात पडले. मग त्यांनी आपल्या कुटीजवळच शास्त्रीबुवांसाठी झोपडी बांधून दिली. जखमा बघायच्या, अंगाला मालिश करायची, हे काम ते स्वतः करीत. शास्त्रीबुवांनीही आश्रमात संस्कृत शिकवलं. पुढे ते मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये सुरू केलेल्या दत्तपूरच्या कुष्ठधामात गेले. १९४५ साली तिथेच वारले.

त्यांना सेवा मिळाली, पण गुण येईल असं औषध मिळालं नाही. त्या काळी चालमोगऱ्याच्या तेलावरच भिस्त होती. खरं औषध गावोगाव पोचलं ते पुढे. १९८२ पासून दोन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि हा रोग पुरता बरा होऊ लागला.

हा रोग देवाचा कोप नाही, पूर्वजन्मीचं पापही नाही. जंतू कातडीत आणि नसांत शिरतो. कोपर, गुडघा, घोटा इथल्या नसा सुजतात, बधिर होतात. मग जखम कळत नाही, ती चिघळते आणि बोटं झडतात. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या सहवासात बराच काळ राहिल्यास श्वासावाटे लागण होते. लक्षणं दिसायला पाच वर्षं, कधी वीसही लागतात. औषध सुरू झालं की लागण थांबते.

आपल्या जिल्ह्यात आजही नवे रोगी सापडतात. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना लांब, त्यामुळे चट्टा अंगावर काढला जातो. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बधिर चट्टा दिसला की आशाताईला दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने, चट्टे जास्त असतील तर वर्षभर घ्यायच्या. मध्येच सोडू नका. एकदा वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत, म्हणून उशीर नको.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून २०१९ सालीच काढून टाकलं आहे. ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोग निवारण दिन असतो. त्या दिवशी गावात ही माहिती वाचून दाखवा. शास्त्रीबुवांना जे औषध मिळालं नाही, ते आज तालुक्यात पडून आहे. तिथवर माणूस पोचवणं आपल्या हातात आहे.