किंग कॅम्प जिलेट व त्याचे पातळ पाते

आमच्या वरच्या वर्गांतील ज्या मुलांच्या ओठांवर नुकती मिसरूड फुटू लागली आहे, त्यांस थोड्याच दिवसांत रोज सकाळी आरशापुढे ज्या गृहस्थाचे ऋण मान्य करावे लागणार आहे, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो. त्यांच्या वडिलांस हे नाव परिचयाचे आहेच. पण नावामागील मनुष्य फारच थोड्यांस ठाऊक असतो. किंग कॅम्प जिलेट हा कोणी राजा नव्हता. त्याच्या वडिलांचे एक स्नेही न्यायाधीश होते. त्यांचे आडनाव किंग, आणि तेच बाळास ठेवण्यात आले.

त्याचा जन्म 5 जानेवारी 1855 रोजी अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतातील फॉन् द्यू लॅक या गावी झाला. पुढे कुटुंब शिकागो शहरी राहावयास गेले. वडिलांस नवनवीन यंत्रे जुळविण्याचा नाद होता, आणि आई इतकी सुगरण व टापटिपीची की, तिने लिहिलेले पाकशास्त्राचे पुस्तक 1887 साली प्रसिद्ध होऊन घरोघर वापरले गेले. परंतु 1871 साली शिकागोस जी भयंकर आग लागली, तीत वडिलांचा धंदा भस्मसात झाला. त्या वेळी किंग सोळा वर्षांचा होता. शाळा सुटली व नोकरी लागली. थोड्याच काळात तो गावोगाव हिंडून माल खपविणारा विक्रेता झाला, आणि पुढील तीसएक वर्षे त्याचे पोट याच धंद्यावर चालले. मधूनमधून तो लहानसहान शोधांचे पेटंटही घेई. पण त्यांतून पैसा म्हणावा असा कधी मिळाला नाही.

1891 सालच्या सुमारास तो विल्यम पेंटर या संशोधकाच्या कंपनीत लागला. सोड्याच्या बाटलीवर दातेरी कडेचे जे पत्र्याचे बूच असते, ते या पेंटरने शोधून काढले. एकदा बूच उघडले की ते निरुपयोगी होते व पुढच्या बाटलीस दुसरे लागते. पेंटरने जिलेटला सल्ला दिला की, तूही अशीच एखादी वस्तू शोध, जी लोक वापरतील, टाकतील आणि पुन्हा विकत घ्यावयास येतील. हा सल्ला व्यापाराच्या दृष्टीने अचूक होता. तो सर्वस्वी चांगला होता की नाही, याविषयी आमच्या मनात थोडा किंतु आहे. त्याकडे आम्ही पुढे वळू.

जिलेट चार वर्षे या विचाराने झपाटलेला होता. मग 1895 साली एके सकाळी, बॉस्टनजवळील ब्रुकलाइन येथील आपल्या घरी दाढी करावयास तो उभा राहिला, तेव्हा वस्तरा बोथट झालेला आढळला. आणि तोही असा की, पट्ट्यावर घासून भागण्यासारखे नव्हते, सहाणेवरच न्यावयास हवा होता.

येथे जुन्या वस्तऱ्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे नाभिकाच्या धोकटीत जो वस्तरा असे, त्याचे पाते घडीव पोलादाचे, पाठीस जाड व धारेकडे निमुळते असे. तो पिढ्यान्‌पिढ्या टिके. बापाचा वस्तरा मुलगा चालवी आणि सुगीला घरोघरचे बलुते त्यावरच मिळे. मात्र त्यास धार लावणे ही एक कला होती, व दुसऱ्याच्या गळ्यावर तो फिरविणे ही त्याहून मोठी. अठराव्या शतकात पेरे नामक एका फ्रेंच कारागिराने सुताराचा रंधा पाहून वस्तऱ्यास लाकडाचे आवरण बसविले. धार तेवढी बाहेर राही व खोल जखमेची भीती कमी होई. 1880 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कांफे बंधूंनी दांड्यास आडवे पाते बसविले. म्हणजे बिनधोक वस्तरा जिलेटने प्रथम काढला असे जे सांगतात, ते बरोबर नाही. पण या सर्वांत पाते जुनेच, जाड व घडीव होते, आणि सहाण काही सुटली नव्हती.

जिलेटच्या मनात त्या सकाळी जे आले ते असे: दाढी होते ती धारेने, मग धारेमागे एवढे पोलाद कशाला? केवळ धरण्यासाठी व ताठ राहण्यासाठी ना? तर तो ताठपणा पात्याकडून न घेता पकडीकडून घ्यावा. कागदाचा ताव एका हाताने कडेस धरला तर तो लोंबतो. पण त्यास किंचित बाक दिला की तोच कागद ताठ उभा राहतो. त्याचप्रमाणे पातळ पत्र्याचे पाते दोन तबकड्यांमध्ये दाबून वाकविले की, ते जाड पात्यासारखे काम देते. जिलेटने बाजारातून थोडे पितळ, घड्याळाच्या कमानीस लागणारी पोलादी पट्टी, एक लहान हातशेगडा व काही कानशी आणल्या, आणि घरीच पहिला नमुना केला. त्याच्या पेटंटात पात्याची जाडी इंचाच्या सहा सहस्रांश, म्हणजे सुमारे 0.15 मिलिमीटर, दिली आहे. आपले पोस्टकार्ड याहून जाड असते.

नमुना झाला, पण पाते दाढी करीना. जिलेट सुरीकारांकडे, लोहारांकडे, पोलादाच्या व्यापाऱ्यांकडे गेला. बॉस्टनच्या विख्यात तंत्रशिक्षणसंस्थेतील जाणत्यांसही त्याने विचारले. सर्वांनी एकमुखाने सांगितले की, इतक्या पातळ व स्वस्त पत्र्यास वस्तऱ्याची धार येणे नाही. त्यांचे कारण खोटे नव्हते. पोलाद तापवून एकदम थंड केल्यावाचून त्यास कठीणपणा येत नाही, आणि पातळ पत्रा असा थंड केला की तो वेडावाकडा होतो. वेडावाकडा पत्रा सहाणेवर सारखा घासला जात नाही.

जिलेटला धातुशास्त्राचे ज्ञान नव्हते, म्हणूनच तो मागे फिरला नाही, असे पुढे तो स्वतःही मानीत असे. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र यावरून रसायनशास्त्राचे पुस्तक मिटून ठेवू नये. कारण सहा वर्षे या अज्ञानाच्या बळावर खटपट करूनही एक पाते धड निघाले नाही. ते निघाले विल्यम निकरसन या शिकलेल्या यंत्रज्ञामुळे, आणि तो त्याच तंत्रशिक्षणसंस्थेचा विद्यार्थी होता. पातळ पात्यांना पाणी देण्याची व दोन्ही कडांस सारखी धार लावण्याची यंत्रे त्याने सिद्ध केली. निकरसनचे नाव आज कोणाच्या जिभेवर नाही. त्याच्या नावातच खरचटण्याच्या अर्थाचा इंग्रजी शब्द असल्यामुळे वस्तऱ्याच्या कंपनीस ते देणे अशुभ वाटले, असे सांगतात. आमच्या मते अर्धे श्रेय त्याचे आहे.

28 सप्टेंबर 1901 रोजी कंपनी स्थापन झाली व पुढील वर्षी तिला जिलेटचे नाव मिळाले. पहिली कचेरी बॉस्टनच्या धक्क्याजवळ एका मासळीच्या दुकानाच्या माडीवर होती. मालवण-वेंगुर्ल्याच्या आमच्या वाचकांस तेथील दरवळाची कल्पना आम्ही द्यावयास नको. 1903 साली अवघे 51 वस्तरे व 168 पाती खपली. दुसऱ्याच वर्षी वस्तऱ्यांचा खप नव्वद हजारांवर गेला. 15 नोव्हेंबर 1904 रोजी पेटंट मिळाले. वस्तरा जवळजवळ फुकट द्यावयाचा आणि पात्यांवर पैसा मिळवावयाचा, ही युक्ती जिलेटची म्हणून जगभर सांगितली जाते. वस्तुतः पेटंट जिवंत असेपर्यंत त्याचा वस्तरा पाच डॉलरांस विकला जाई, आणि त्या काळच्या मजुरास ही रक्कम मुळीच लहान नव्हती. वस्तरा स्वस्त झाला तो 1921 साली पेटंट संपून इतर कारखानदार पुढे सरसावल्यावर. त्यापूर्वी, पहिल्या महायुद्धात, अमेरिकन सरकारने आपल्या शिपायांसाठी सुमारे पस्तीस लाख वस्तरे घेतले. घरी परतलेल्या शिपायांनी ती सवय सोबत नेली.

पाते हलके झाले, तशी दांड्याची गोष्टही बदलली. जिलेटचा मूळ वस्तरा पितळेचा, वरून चांदीचा मुलामा दिलेला. पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड. म्हणून तो हातात भरीव वाटे व स्वतःच्या भारानेच गालावरून उतरे. पुढे निरनिराळ्या कारखानदारांनी पाण्याच्या 2.7 पट जड असलेले ॲल्युमिनियम वापरले, आणि बेकलाइटही वापरले, जे त्याच्याही निम्म्या वजनाचे आहे. बेकलाइट म्हणजे 1907 साली बेकलंडने कृत्रिम रीतीने केलेली राळ; वीजेच्या जुन्या काळ्या बटणांत ती पुष्कळांनी पाहिली असेल. आता टिटॅनियमचेही वस्तरे होतात. हा धातू पोलादाच्या निम्म्याहून थोडा अधिक जड आहे, त्यास गंज चढत नाही, आणि ज्या इल्मेनाइट खनिजातून तो निघतो, त्याची काळी वाळू आपल्या शेजारच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पसरलेली आहे. ॲल्युमिनियमचे बॉक्साइटही आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर आहे. लाकडी दांडा सर्वांत हलका. पण तो पाण्याने फुगतो. सावंतवाडीच्या कारागिरांनी लाखेचा हात दिला तर तोही टिकेल, असे आम्हांस वाटते. विजयदुर्गास शिंगाच्या वस्तू होत. जुन्या वस्तऱ्यांची मूठही बहुधा शिंगाची असे. मात्र हलका दांडा सर्वांस मानवतो असे नाही. भार गेला की हात नकळत दाबतो, आणि दाबले की कापते.

या चरित्राची खरी विलक्षण बाजू अजून सांगावयाची आहे. पाते सुचण्याच्या आदल्याच वर्षी, 1894 साली, जिलेटने एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. व्यापारातील चढाओढ हेच सर्व दारिद्र्याचे मूळ आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. सर्व उद्योग एकाच सार्वजनिक संस्थेने चालवावे, आणि नायगाराच्या धबधब्याजवळ, त्याच्या विजेवर चालणारे, सहा कोटी वस्तीचे एकच महानगर उभारावे, अशी त्याची योजना होती. श्रीमंत झाल्यावर लोक असली पुस्तके कपाटात ठेवून विसरतात. जिलेट विसरला नाही. 1910 साली त्याने अशी जागतिक संस्था काढून तिचे अध्यक्षपद माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस दहा लाख डॉलर देऊ करून सुचविले. त्यांनी ते नाकारले. 1924 सालीही याच विषयावर त्याचे पुस्तक निघाले. चढाओढ नष्ट व्हावी म्हणून तळमळणारा हा मनुष्य चढाओढीच्याच बाजारात कोट्यधीश झाला, आणि पुढे त्याच चढाओढीने त्याची कंपनी त्याच्या हातून निसटली. काहींस यात ढोंग दिसते. आम्हांस तसे वाटत नाही. ढोंगी मनुष्य स्वतःचे पैसे असे वाऱ्यावर सोडीत नाही.

1929 नंतरच्या मंदीत त्याची बहुतेक संपत्ती गेली. 9 जुलै 1932 रोजी कॅलिफोर्नियात तो निवर्तला.

आता तो राहिलेला किंतु. जिलेटचे पाते साध्या पोलादाचे. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात चार दिवसांत त्यावर तांबेरा चढे. 1962 सालापासून गंज न धरणाऱ्या पोलादाची पाती बाजारात पसरली. 1975 साली बिक कंपनीने अख्खा वस्तराच प्लॅस्टिकचा केला. तो पात्यासकट फेकावयाचा. पेंटरचा सल्ला येथे टोकास पोहोचला. पोलाद निदान गंजून मातीत मिळते. प्लॅस्टिकचा दांडा आपल्या खाडीच्या गाळात कित्येक पिढ्या पडून राहील. पालकांस आमची विनंती आहे की, वापरलेली पाती केरात किंवा परसात न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवावी. केर उचलणाऱ्याचा हात उघडा असतो.

या पात्याने नाभिकांचा धंदा बुडेल, असे एके काळी पुष्कळांस वाटले होते. घरोघरची रोजची दाढी त्यांच्या हातून गेली, हे खरे. पण एकाचा रोग दुसऱ्यास लागू नये म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकास नवी धार हवी, हे लोकांस कळू लागले, तेव्हा जुन्या घडीव वस्तऱ्याच्या आकाराची एक पोकळ पकड निघाली. आज कुडाळच्या बाजारात केशकर्तनालयात बसलात, तर कारागीर कागदात गुंडाळलेले नवे पाते घेईल, कागदासकटच मधोमध कडकन्‌ मोडील, त्यातील अर्धे त्या पकडीत बसवील आणि उरलेले अर्धे पुढच्या गिऱ्हाइकासाठी बाजूस ठेवील.